कंपनीपर्यंत हात कुठवर पोहोचतो

अगं, भिलाईत तू कारखान्यात रुजू होणार आणि जावईबापू इंडस्ट्रियल एरियात जॉबवर्कचं शेड टाकणार, हे ऐकून बरं वाटलं. क्वार्टर मिळायचं तेव्हा मिळेल, पण इथला उन्हाळा त्यासाठी थांबत नाही. वर्षभरात तुमच्याकडे कूलर येईल, फ्रीज येईल, कदाचित गाडी येईल, आणि शेडमध्ये लेथ येईल. यातलं काहीही बिघडू शकतं. बिघडलं की पहिला विचार मनात येतो, कंपनीने खराब माल गळ्यात मारला, आता कंपनीलाच कोर्टात खेचू. खेचता येतं. पण कंपनीपर्यंत आपला हात किती पोहोचतो हे कायद्याने आखून ठेवलंय, आणि ती रेघ कूलरला एका जागी आहे, गाडीला दुसऱ्या आणि लेथला तिसऱ्या. रेघ ठाऊक नसल्यामुळे खरी तक्रार असलेली माणसं दुर्गच्या जिल्हा ग्राहक आयोगातून रिकाम्या हाती परतताना मी पाहिलीत. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्यांनी चुकीच्या माणसाकडे, चुकीच्या नावाखाली आणि उशिरा मागितलं होतं, एवढंच. तुझ्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहितोय.

माझी सगळी नोकरी कारखान्याच्या स्टोअर्समध्ये झाली. तिथे बेअरिंग असो की वेल्डिंग रॉड, तपासल्याशिवाय माल ताब्यात घेतला असं आम्ही म्हणत नसू. टेस्ट सर्टिफिकेट मालाबरोबरच यायला हवं, त्यावरचा नंबर मालावरच्या नंबराशी जुळायला हवा, जुळला नाही तर माल बाजूला आणि कागद पुरवठादाराकडे. पुढे भांडण झालंच तर आमच्या बाजूने बोलायला तो कागद असायचा. घरी आपण याच्या नेमकं उलट करतो. डिलिव्हरीवाला दारात असतानाच खोका फाडतो, दुसऱ्या दिवशी तो भंगारवाल्याला देतो. बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, बनवल्याचा महिना आणि साल, तक्रारीचा फोन नंबर हे सगळं त्या खोक्यावरच छापलेलं असतं. तेव्हा खोका फाडण्याआधी त्या लेबलचा आणि वस्तूवरच्या सिरियल नंबरचा फोटो काढ. पक्कं बिल घे, त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घे, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख घे. बिल न देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे ते मागताना संकोच करू नकोस.

बनवणाऱ्याला थेट जाब विचारणं ही गोष्ट जगातही फार जुनी नाही. १९२८ मध्ये स्कॉटलंडच्या पेस्ली गावात एका बाईने मैत्रिणीने घेऊन दिलेली जिंजर बिअर प्यायली. बाटलीत कुजलेली गोगलगाय निघाल्याची तिची तक्रार होती. बाटली तिने विकत घेतली नव्हती, त्यामुळे कराराच्या जोरावर तिला कुणाकडेच काही मागता येत नव्हतं. १९३२ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने सांगितलं की, वापरणाऱ्याची काळजी घेणं हे बनवणाऱ्याचं कर्तव्य आहे, मग पैसे कुणी का दिलेले असेनात. आपल्याकडे बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं, त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. आता लागू आहे तो २०१९ चा कायदा, २० जुलै २०२० पासून. उत्पादन दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण त्यात पहिल्यांदा आलं. लग्नात मिळालेल्या वस्तूंची काळजी करू नकोस. ज्याने पैसे मोजले त्याच्या संमतीने वस्तू वापरणाराही ग्राहकच. आत्याने फ्रीज दिला असेल तर तक्रार तुला करता येईल, फक्त तिच्याकडून बिल मागून घे. लाजू नकोस.

आता मुख्य गोष्ट. वस्तू स्वतः बिघडली की मागण्याचा रस्ता एक, आणि वस्तूमुळे दुसरं काही बिघडलं, कुणाला इजा झाली, की रस्ता दुसरा. फ्रीजचा कंप्रेसर गेला, तर ती सदोष मालाची तक्रार. त्यात दुरुस्ती, बदली, पैसे परत आणि भरपाई मागता येते. फ्रीजमध्ये शॉर्टसर्किट होऊन स्वयंपाकघर जळलं किंवा माणूस भाजला, तर ते उत्पादन दायित्व. कायद्यातल्या या दायित्वाच्या प्रकरणात ‘हानी’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तीतून खुद्द ती वस्तू वगळलेली आहे. वॉरंटीची अट मोडल्यामुळे मालमत्तेचं झालेलं नुकसानही वगळलंय, आणि व्यापारी किंवा आर्थिक तोटाही वगळलाय. म्हणजे जळलेलं कपाट, भाजलेला हात, त्याचा दवाखाना आणि त्यामागचा मनस्ताप या नावाखाली मागता येतो, पण फ्रीजची किंमत नाही. ती सदोष माल म्हणून मागायची. एकाच तक्रारीत दोन्ही गोष्टी लिहाव्यात, पण वेगवेगळ्या परिच्छेदांत आणि वेगवेगळ्या रकमा घालून. सगळ्याची मिळून एक गोल रक्कम मागितली की कंपनीचा वकील त्यातल्या कच्च्या भागाला धरून पक्का भागही ओढायला बघतो.

उत्पादन दायित्वाखाली कंपनीला धरायची कारणं पाच: बनवताना राहिलेला दोष, मुळातल्या रचनेतला दोष, ठरलेल्या मापदंडाप्रमाणे माल नसणं, दिलेल्या हमीप्रमाणे नसणं, आणि नीट वापराच्या सूचना किंवा धोक्याचा इशारा पुरेसा न देणं. हमी देताना आमचा निष्काळजीपणा नव्हता, हे कंपनीने सिद्ध केलं तरी ती सुटत नाही. ग्राहकाच्या हातात आलेलं हे मोठं बळ आहे. तक्रारीत मात्र या पाचांपैकी कोणतं कारण, ते नाव घेऊन लिहावं लागतं. ‘माल खराब निघाला’ एवढ्याने भागत नाही.

कूलरबद्दल जरा जास्त सांगतो, कारण आपल्या भागात जीव जातो तो त्याच्यापायी. सुपेला आणि पॉवर हाऊसच्या बाजारात मार्चपासून पत्र्याचे कूलर रांगेत उभे असतात. बॉडी इथलीच, मोटर एका कंपनीची, पंप दुसरीचा, पाती तिसरीकडची, आणि जोडणारा दुकानदार. ओला पत्रा, खाली पाणी, अर्थिंगचा पत्ता नाही, आणि घरातलं मूल अनवाणी. शॉक बसला की लोक मोटरवरचं नाव वाचून त्या कंपनीच्या मागे लागतात. कायद्यात ‘उत्पादक’ कोण ते नीट वाच. सुटे भाग दुसऱ्यांचे असले तरी ते जोडून वस्तू तयार करणारा उत्पादकच, आणि दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर स्वतःचं नाव लावणाराही उत्पादकच. म्हणजे तो कूलर जोडून देणारा दुकानदार हाच तुझा उत्पादक. ‘साहेब, मी तर नुसता विकणारा’ हे त्याला म्हणता येत नाही. तो खरोखरच नुसता विकणारा असला आणि बनवणारा कोण हेच कळत नसलं, तरी कायदा विक्रेत्यालाच उत्तर द्यायला लावतो. बिलाशिवाय मात्र यातलं काहीही सिद्ध करणं कठीण जातं, आणि बिनबिलाचे कूलर इथे ढिगाने विकले जातात. पाच-सातशे रुपये वाचवायला तसा कूलर घेऊ नकोस. शक्य असेल तर फायबर बॉडीचा, बिलाचा, तीन पिनांच्या प्लगचा घे.

याच कूलरवर कलम ८७ ची कुऱ्हाड पडते. इजा झाली त्या वेळी वस्तूचा गैरवापर होत असेल, तिच्यात बदल किंवा फेरफार केलेला असेल, तर या प्रकरणाखाली विक्रेत्यावर दावा चालत नाही, आणि बहुतेक भांडणांत उत्पादकही हेच ढाल म्हणून पुढे करतो. आपल्याकडे दर मोसमात ओळखीचा इलेक्ट्रिशियन येतो, पंप बदलतो, दोन पिनांचा प्लग लावतो, वायर कापून टेपने जोडतो. पुढे काही झालं की पहिला प्रश्न हाच: आत हात कुणी घातला? म्हणून वॉरंटीच्या काळात कंपनीच्या किंवा दुकानाच्याच माणसाकडून काम करून घे. नंतर बाहेरच्याकडून करून घेतलंस तर काय बदललं ते लिहिलेली पावती घे. उघड किंवा सगळ्यांना माहीत असलेल्या धोक्याची सूचना दिली नाही म्हणूनही कंपनीला धरता येत नाही. चालू कूलरच्या जाळीतून बोट घातलं तर तक्रारीचा उपयोग नाही. दारूच्या किंवा डॉक्टरने न दिलेल्या औषधाच्या अमलाखाली वस्तू वापरली असेल तरी इशाऱ्याचा मुद्दा गळतो.

इशाऱ्याचाच आणखी एक अपवाद आहे, तो तू ज्या कारखान्यात जाते आहेस तिथे रोज लागू होतो, म्हणून लक्षपूर्वक वाच. कामाच्या जागी वापरायची वस्तू मालकाने विकत घेतली आणि कंपनीने धोक्याच्या सूचना मालकाला दिल्या, तर ‘कामगाराला इशारा मिळाला नाही’ या कारणावर उत्पादकाला धरता येत नाही. ग्राइंडरचं चाक किती फेऱ्यांपर्यंत सुरक्षित आहे ते लिहिलेली पुस्तिका ठेकेदाराच्या कपाटात पडलेली असते आणि चाक फुटतं ते ठेका मजुराच्या तोंडावर. त्याच्यासाठी कर्मचारी नुकसान भरपाईची वेगळी तरतूद आहे, तिथे मालक जबाबदार ठरतो. तू अधिकारी म्हणून येते आहेस. तुझ्या शॉपमध्ये येणाऱ्या प्रत्येक यंत्राची सूचना पुस्तिका हिंदीत, जमलं तर छत्तीसगढीत, हातात यंत्र धरणाऱ्याला वाचून दाखवली जाते की नाही, हे तुझं काम समज. हा माझा आग्रह आहे.

गाडीकडे वळू. शोरूमवर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत असतं म्हणून डीलर म्हणजेच कंपनी असं सगळे धरून चालतात. गोव्यातल्या एका ग्राहकाने २०११ सालची गाडी म्हणून पैसे भरले आणि डीलरने २००९ मध्ये बनलेली, आधीच काही शे किलोमीटर चाललेली, खालून गंजलेली गाडी दिली. जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशा तिन्ही पायऱ्यांवर ग्राहक जिंकला, डीलर आणि टाटा मोटर्स दोघांवर जबाबदारी आली. टाटा मोटर्स सर्वोच्च न्यायालयात गेली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटली. न्यायालयाने म्हटलं की, कंपनी आणि डीलर यांचा व्यवहार दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांमधला आहे. डीलरने जे केलं ते कंपनीला ठाऊक होतं किंवा त्यात तिचा हात होता, असं तक्रारीत नेमकं लिहिलेलं नव्हतं आणि सिद्धही झालेलं नव्हतं. डीलरवरचा बोजा मात्र राहिला. यातून मी दोन गोष्टी घेतो. तक्रारीत डीलर आणि कंपनी दोघांनाही प्रतिपक्ष करायचं, आणि कुणी काय केलं ते वेगवेगळं लिहायचं. आणि डिलिव्हरी घेताना चासी नंबर, बनवल्याचा महिना, मीटरवरचे किलोमीटर स्वतः बघायचे. गाडीखालीही वाकून बघायचं. शोरूमची माणसं हार घालून फोटोची घाई करतात, तेव्हा थांबायला सांगायचं.

गाडी वारंवार बिघडली म्हणून नवी गाडी मिळेल, ही अपेक्षाही बेताची ठेव. मारुतीच्या क्लचच्या एका प्रकरणात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचं वचन असेल तर जबाबदारी त्या भागापुरती, अख्खी गाडी बदलण्याची नाही. ग्राहकाला त्रासाची भरपाई मिळाली, गाडी नाही. अख्खी वस्तू बदलून हवी असेल तर दोष मुळातला आहे आणि दुरुस्तीने जाणारा नाही, हे दाखवावं लागतं. ते दाखवायचं ओझं आपल्यावर असतं.

दाखवायचं कसं? सर्व्हिस सेंटरला गाडी किंवा फ्रीज दिला की प्रत्येक वेळी जॉब शीट घे, आणि त्यावर ‘जनरल चेकअप’ असं लिहू देऊ नकोस. ‘थंड होत नाही, तिसऱ्यांदा तोच दोष’ असं तुझ्या शब्दांत लिहून घे. फोनवर बोलणं झालं तर त्याच दिवशी ईमेल टाक. बदललेला भाग वॉरंटीत ते घेऊन जातात, त्याआधी त्याचा फोटो काढ. दोष नुसत्या डोळ्यांनी ठरत नसेल तर आयोगाकडे प्रयोगशाळेतल्या तपासणीची मागणी कर. तशी तरतूद आहे, प्रयोगशाळेने ४५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तपासणीचा खर्च आधी आपल्याला भरावा लागू शकतो. वस्तू आधीच खोलून दुरुस्त करून घेतलीस तर तपासायला काही उरत नाही. म्हणून गैरसोय सोसून वस्तू आहे तशी ठेवणं कधीकधी भाग पडतं. व्होल्टेज कमीजास्त झाल्याचं कारण कंपन्या हमखास पुढे करतात. टाउनशिपमध्ये वीज कारखान्याकडून येते, बाहेर राज्याच्या वीज कंपनीकडून. तू दोन्हीकडे राहशील, तेव्हा स्टॅबिलायझर घे आणि त्याचंही बिल सांभाळ. दुकानात बिल करताना जी ‘वाढीव वॉरंटी’ विकतात ती बऱ्याचदा कंपनीची नसतेच, वेगळ्याच संस्थेची असते. पैसे देण्याआधी कागदावर कुणाचं नाव आहे ते वाच.

आता जावईबापूंच्या लेथबद्दल. हे त्यांना वाचून दाखव. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूबाबत कायदा माणसाला ग्राहक मानत नाही. सवलत एकच, स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू. महाराष्ट्रातल्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या लघुउद्योगाने कोइम्बतूरच्या संस्थेकडून महागडं सीएनसी यंत्र घेतलं, ते नीट चाललं नाही. राज्य आयोगाने भरपाई दिली. राष्ट्रीय आयोगाने ती काढून घेतली आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा व्यापारी वापर आहे, इथे ग्राहक नाही, असंच ठरवलं. दिवाणी दाव्याची वाट तेवढी मोकळी राहिली. त्याच निकालात न्यायालयाने समजावलं की, स्वतः लेथ चालवून पोट भरणारा, स्वतः टॅक्सी चालवणारा ग्राहक ठरतो. माणसं ठेवून त्यांच्याकडूनच चालवून घेणारा ठरत नाही. मदतीला एखाददुसरा माणूस असल्याने बिघडत नाही. जावईबापू स्वतः मशीनवर उभे राहणार असतील तर तक्रारीत पहिल्याच पानावर ते लिहायला हवं, कर्जाच्या अर्जातही ‘स्वयंरोजगार’ असंच असायला हवं. तीन लेथ आणि सहा कामगार असा पसारा वाढला की आयोगाचा रस्ता बंद झाला असं समजून पुरवठादाराशी करारच नीट करावा: चाचणी आमच्या शेडमध्ये, शेवटचा हप्ता चाचणीनंतर, बंद राहिलेल्या दिवसांचं काय, सगळं लेखी. कारखाना असेच करार करतो.

वेळेचं सांगतो. दाव्याचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. सबळ कारण असेल तर आयोग उशीर माफ करू शकतो, पण त्यावर विसंबू नकोस. कंपनीला पत्रं पाठवत राहिल्याने ही दोन वर्षं लांबत नाहीत. दहा वर्षांच्या कंप्रेसर वॉरंटीत दोष सातव्या वर्षी दिसला तर मोजणी तिथून धरता येते, पण दोष दिसला ती सगळ्यात आधीची तारीख धरून चालणंच शहाणपणाचं. कंपनीची माणसं ‘मॅडम, वरून मंजुरी येतेय’ म्हणत महिने काढतात. बरीचशी मुद्दाम काढतात, असं माझं मत आहे.

आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद कर, पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर नोटीस, मग आयोग. खरेदी नागपूरच्या सीताबर्डीत केली असो की फोनवरून मागवलेली असो, नव्या कायद्याने तू राहतेस किंवा काम करतेस तिथे तक्रार करता येते, म्हणजे दुर्गला. वस्तूची मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच, आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्याही दाखल होते. वकील असलाच पाहिजे असं नाही. पण इजेचं प्रकरण असेल तर वकील कर. तिथे ‘हानी’च्या व्याख्येवर शब्दाशब्दाचा कीस निघतो.

निकाल तुझ्या बाजूने लागला तर लगेच पेढे वाटू नकोस. कंपनीला रायपूरच्या राज्य आयोगात अपिलासाठी ४५ दिवस असतात, आणि भरायला सांगितलेल्या रकमेतली निम्मी रक्कम आधी जमा केल्याशिवाय तिचं अपील घेतलं जात नाही. निकालाची प्रमाणित प्रत घे, तिच्यावरची तारीख कॅलेंडरवर लिही. मुदत सरली, अपील आलं नाही आणि पैसेही आले नाहीत, की दुर्गच्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज टाक. आदेश न पाळणाऱ्याला तुरुंगवास आणि दंड, दोन्हींची तरतूद आहे. अर्जात तिचा उल्लेख कर.